'डिसाइड' म्हणजे ठरवणे, मग 'ठरणे' म्हणजे काय?

अक्षरयात्री

इंग्रजीतला 'डिसाइड' हा शब्द शाळेत फार लवकर भेटतो. वहीत त्याच्यासमोर 'ठरवणे' लिहिलं जातं आणि तो आला असं आपण धरून चालतो. पुढे पत्रात, मेलमध्ये, मुलाखतीत याच शब्दाची वाक्यं अडखळतात. अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. त्या शब्दामागे काय जोडायचं आणि काय नाही, एवढंच कुणी सांगितलेलं नसतं. 'डिसाइड', 'डिसिजन' आणि त्यांचं गणगोत यांच्याबद्दल जे नेमकं सांगता येईल ते इथे गोळा करू या. सुरुवात क्रियापदापासून करतो.

सर्वांत जास्त लागणारी रचना म्हणजे 'डिसाइड', मग 'टू', मग मूळ क्रियापद. 'शी डिसायडेड टू स्टे', म्हणजे तिने राहायचं ठरवलं. 'एन्जॉय' आणि 'अव्हॉइड' यांच्यामागे आयएनजीचं रूप येतं, त्या सवयीने इथेही 'डिसायडेड स्टेइंग' असं लिहिलं जातं. ते चूक आहे.

या रचनेला एक अट आहे. ठरवणारा आणि करणारा एकच असावा लागतो. 'मी त्याला पाठवायचं ठरवलं' यात पाठवणारा मीच आहे, म्हणून 'आय डिसायडेड टू सेंड हिम'. 'त्याने जावं असं मी ठरवलं' यात जाणारा तो आहे, म्हणून 'आय डिसायडेड दॅट ही शुड गो'. इथे 'आय डिसायडेड हिम टू गो' असं वाक्य हमखास होतं, कारण 'आय टोल्ड हिम टू गो' आणि 'आय वॉन्टेड हिम टू गो' कानात बसलेली असतात. 'टेल' आणि 'वॉन्ट' मध्ये दुसरा माणूस येऊ देतात, 'डिसाइड' येऊ देत नाही.

नकार कुठे ठेवायचा तेही पाहा. 'न जायचं ठरवलं' आणि 'जायचं ठरवलं नाही' यांत मराठीत जो फरक आहे तोच इंग्रजीत 'नॉट'च्या जागेने होतो. 'ही डिसायडेड नॉट टू गो' म्हणजे निर्णय झाला आणि तो न जाण्याचा आहे. 'ही डिड नॉट डिसाइड टू गो' म्हणजे जाण्याचा निर्णय त्याने केला नाही. कदाचित कुठलाच केला नाही. तिसरी सोय 'डिसाइड अगेन्स्ट'ची: 'ही डिसायडेड अगेन्स्ट गोइंग'. इथे मात्र आयएनजी बरोबर, कारण 'अगेन्स्ट' हे शब्दयोगी अव्यय आहे. यातून आणखी एक गोष्ट कळते, की जायचा विचार मनात होता आणि तो तोलून बाजूला ठेवला.

उरलेल्या जोड्या थोडक्यात. 'डिसाइड ऑन' म्हणजे पर्यायांतून एक उचलला: 'वी डिसायडेड ऑन द ब्लू कव्हर'. 'डिसाइड अबाउट' म्हणजे त्या विषयाबद्दल ठरवायचं आहे, निवड झालेली असेलच असं नाही. 'डिसाइड बिटवीन' दोघांमध्ये. 'डिसाइड इन फेवर ऑफ' एखाद्याच्या बाजूने. आणि काहीच न लावता थेट कर्म आलं, 'द कोर्ट विल डिसाइड द केस', तर अर्थ 'निकाली काढणे'. 'दॅट गोल डिसायडेड द मॅच' यात ठरवणारा माणूसही नाही. त्या गोलने सामन्याचा निकाल लावला.

'की नाही' या अर्थाने 'व्हेदर' आणि 'इफ' दोन्ही वापरले जातात, पण लगेच 'टू' येणार असेल तर फक्त 'व्हेदर': 'आय कान्ट डिसाइड व्हेदर टू ॲप्लाय'. 'इफ टू ॲप्लाय' असं होत नाही.

दीर्घवेलांटी

छान सुरुवात. व्युत्पत्तीची भर घालतो, कारण या शब्दाचा स्वभाव तिथेच कळतो.

लॅटिनमध्ये 'काएदेरे' म्हणजे कापणे. त्याला 'दे' हा उपसर्ग लागून 'देकीदेरे', म्हणजे कापून वेगळं करणे. तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'डिसाइड'. आधीचा अर्थ वाद मिटवणे, तंटा तोडणे असा होता. 'स्वतःच्या मनाशी ठरवणे' हा अर्थ नंतरचा. याच 'काएदेरे'ची मुलं म्हणजे 'इन्सिजन' ही शस्त्रक्रियेतली चीर, 'इनसायझर' हे पटाशीचे दात, 'प्रिसाइज' म्हणजे नेमकं कापलेलं, 'कन्साइज' म्हणजे काटछाट केलेलं आणि 'पेस्टिसाइड', 'होमिसाइड' यांच्या शेवटी येणारं 'साइड'. कात्रीची 'सिझर्स'ही त्याच घरातली.

आपल्याकडे 'एक घाव दोन तुकडे' म्हणतात ना, 'डिसाइड'च्या पोटात अगदी तेच चित्र आहे. आपणही तंटा 'तोडतो'.

आता एक सापळा. पानझडी झाडांना इंग्रजीत 'डिसिड्युअस' म्हणतात. तो दिसतो सख्खा भाऊ, पण आहे दुसऱ्या घरचा. लॅटिन 'कादेरे' म्हणजे पडणे. त्याला 'दे' लागून 'देकिदेरे', गळून पडणे. लॅटिन लिपीत दोन्ही सारखेच लिहिले जातात. फरक फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा. 'देकीदेरे' दीर्घ असेल तर कापणे, 'देकिदेरे' ऱ्हस्व असेल तर गळणे. ऱ्हस्व-दीर्घाने काय बिघडतं असं विचारणाऱ्यांना हे उदाहरण जरूर द्यावं. 'ॲक्सिडेंट', 'कोइन्साइड', 'चान्स' आणि कोर्टातली 'केस' हे सगळे पडणाऱ्या घरचे. केस येऊन पडते आणि डिसिजन ती कापून मोकळी करतो.

तळटीप

दीर्घवेलांटी, वेगळं करण्याची ही कल्पना फक्त लॅटिनची नाही. जर्मनमध्ये निर्णय घेणे म्हणजे 'एन्टशायडेन', आणि त्यातलं 'शायडेन' म्हणजे विलग करणे. ग्रीक 'क्रिनेइन' म्हणजे चाळून वेगळं करणे, पारखणे, निवाडा करणे. त्यातून 'क्रायसिस', 'क्रिटिक', 'क्रायटेरिया' आले. अरबीतून आलेल्या 'फैसला'चं मूळही विलग करणे हेच, आणि त्याच मुळातून 'तफसील' झाला, जो मराठीत 'तपशील' म्हणून मुरला. फैसला आणि तपशील ही सख्खी भावंडं आहेत हे सहसा लक्षात येत नाही.

मराठीचा 'निवाडा'ही 'निवडणे'शी जोडलेला. धान्य निवडताना खडे बाजूला काढतात तसं खरं-खोटं वेगळं करायचं. 'निर्णय' मात्र वेगळ्या वाटेने जातो: 'निस्' आणि 'नी', म्हणजे बाहेर नेणे. गुंत्यातून बाहेर काढून नेतो तो निर्णय.

निळी_शाई

धाग्याच्या शीर्षकातला प्रश्न अजून कुणी हातात घेतलेला नाही. माझ्या मते खरी अडचण 'डिसाइड'मध्ये नाहीच, आपल्या 'ठरणे'मध्ये आहे. आपल्याकडे 'ठरणे' आणि 'ठरवणे' अशी जोडी आहे. 'ठरवणे'ला कर्ता लागतो, 'ठरणे' आपोआप घडल्यासारखं बोलतं. इंग्रजीत 'डिसाइड'ला ही जोडी नाही. 'द डेट डिसायडेड' असं वाक्य होऊच शकत नाही, कारण तारीख काही ठरवत नाही. त्यामुळे 'ठरणे' आलं की आधी बघायचं, ते या वाक्यात काय काम करतंय.

पहिलं काम: निर्णय होऊन पक्कं होणे. तारीख ठरली, 'द डेट हॅज बीन फिक्स्ड' किंवा 'सेट'. भाव ठरला, 'द प्राइस हॅज बीन अग्रीड', कारण भावाला दोन पक्ष लागतात आणि 'डिसाइड' एकाच बाजूचं वाटतं. 'डेट हॅज बीन डिसायडेड' चूक नाही, पण 'फिक्स्ड' जास्त सहज.

दुसरं काम: शेवटी तसं निघणे. अंदाज खोटा ठरला. इथे कुणी काही ठरवलेलं नाही, म्हणून 'डिसाइड' पूर्ण बाद. 'द फोरकास्ट प्रूव्ह्ड राँग' किंवा 'टर्न्ड आउट टू बी राँग'. प्रयत्न निष्फळ ठरला, उपाय गुणकारी ठरला, निवड योग्य ठरली, या सगळ्यांना 'प्रूव्ह' किंवा 'टर्न आउट'. यात 'डिसाइड' घातलेलं वाक्य वाचणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही.

तिसरं काम: अधिकारी माणसाने तसं जाहीर करणे. आरोपी दोषी ठरला, 'वॉज फाउंड गिल्टी'. अर्जदार पात्र ठरली, 'वॉज फाउंड एलिजिबल' किंवा नुसतं 'क्वालिफाइड'. मत अवैध ठरवलं, 'द व्होट वॉज डिक्लेअर्ड इनव्हॅलिड'. 'डिसायडेड गिल्टी' असं कधीही नाही.

चौथं काम: एकाने दुसरं ठरणे. वेग उतारावर ठरतो. 'द स्लोप डिटर्मिन्स द स्पीड' किंवा 'द स्पीड डिपेन्ड्स ऑन द स्लोप'. 'डिसाइड' इथे अधूनमधून चालतो, पण शास्त्रीय लिखाणात 'डिटर्मिन'च घ्यावा.

पाचवं काम फार घरगुती आहे. गाडी ठरवली, कामाला माणूस ठरवला. इथे 'ठरवणे' म्हणजे बोली करून बांधून घेणे. 'बुक्ड अ कार', 'हायर्ड अ मॅन'. 'डिसायडेड अ कार' म्हटलं तर ऐकणारा गोंधळतो, आणि 'डिसायडेड ऑन अ कार' म्हटलं तर त्याला वाटतं की बऱ्याच गाड्या पाहून एक पसंत केली.

याशिवाय 'ठरवून केलं' म्हणजे 'डिलिबरेटली', 'ऑन पर्पज'. 'आपसांत ठरवून' म्हणजे 'बाय प्रायर अरेंजमेंट'. 'पहिला ठरला' म्हणजे शर्यतीत 'केम फर्स्ट', पण 'असं करणारा पहिला ठरला' म्हणजे 'बिकेम द फर्स्ट टू'. 'मनाशी ठरवलं' म्हणजे 'मेड अप माय माइंड', आणि त्यात निर्धार असेल तर 'रिझॉल्व्ह्ड'.

मितभाषी

निळी_शाई, प्रतिसाद साठवून ठेवला. एक विचारायचं होतं: 'ठरलेल्या वेळी' याला 'ॲट द डिसायडेड टाइम' म्हटलं तर?

निळी_शाई

@मितभाषी, नाही चालणार. 'ॲट द अपॉइंटेड टाइम' किंवा 'ॲट द अग्रीड टाइम' म्हणा. 'ठरल्याप्रमाणे' मात्र 'ॲज डिसायडेड', 'ॲज अग्रीड', 'ॲज प्लॅन्ड', तिन्ही बरोबर.

कारण असं, की 'डिसायडेड' नामाच्या आधी विशेषण म्हणून आला की त्याचा अर्थ बदलतो. 'अ डिसायडेड ॲडव्हांटेज' म्हणजे ठरवलेला फायदा नव्हे. ठळक, उघड दिसणारा फायदा. 'अ डिसायडेड इम्प्रूव्हमेंट' म्हणजे स्पष्ट सुधारणा. त्याचंच क्रियाविशेषण 'डिसायडेडली': 'इट इज डिसायडेडली कोल्डर टुडे', आज गारठा नक्कीच जास्त आहे.

'डिसायसिव्ह' वेगळा. 'अ डिसायसिव्ह बॅटल' म्हणजे निर्णायक लढाई, 'अ डिसायसिव्ह पर्सन' म्हणजे झटपट आणि ठामपणे निर्णय घेणारा माणूस. 'डिसायडिंग' म्हणजे पारडं फिरवणारा: 'द डिसायडिंग फॅक्टर'. मालिका बरोबरीत असताना होणारा शेवटचा सामना 'डिसायडर'. मराठीत या सगळ्यांना 'निर्णायक' हा एकच शब्द पुरतो, म्हणून इंग्रजीत घोळ होतो.

नकारी जोडीत तर अर्थाचं अंतर आणखी मोठं. 'आय ॲम अनडिसायडेड' म्हणजे माझं या बाबतीत अजून ठरलेलं नाही. 'आय ॲम इनडिसायसिव्ह' म्हणजे मला कधीच लवकर ठरवता येत नाही, तो माझा स्वभाव. मुलाखतीत पहिल्याच्या जागी दुसरं बोललं गेलं तर आपणच आपल्याला कमकुवत म्हटल्यासारखं होतं. कुंपणावरचे मतदार 'अनडिसायडेड' असतात. लढाई किंवा निकाल 'इनडिसायसिव्ह' असू शकतो, म्हणजे कुणाचीच सरशी न झालेला.

सरळरेघ

'मेक अ डिसिजन' की 'टेक अ डिसिजन'? 'टेक' म्हणजे 'निर्णय घेणे'चं शब्दशः भाषांतर आहे, ते चूक आहे असं बऱ्याच ठिकाणी सांगतात.

अक्षरयात्री

चूक नाही. ब्रिटिश इंग्रजीत 'टेक' पूर्वीपासून आहे, विशेषतः मंडळ, सरकार, संस्था यांच्या औपचारिक निर्णयांसाठी. अमेरिकन इंग्रजीत जवळजवळ सगळीकडे 'मेक'. ब्रिटनमध्येही रोजच्या बोलण्यात 'मेक'च पुढे आहे. म्हणजे 'मेक' वापरलंत तर कुठेही खटकणार नाही. 'टेक' वापरलंत तर अमेरिकन वाचकाला किंचित परकं वाटेल, एवढंच. समासात मात्र 'डिसिजन-मेकिंग' आणि 'डिसिजन-मेकर' हेच रुळलेले आहेत. 'डू अ डिसिजन' कुठेच नाही.

बराच खल होऊन निर्णयाप्रत आलो हे दाखवायचं असेल तर 'रीच', 'कम टू' किंवा 'अराइव्ह ॲट'. एका फटक्यात घेतलेला तो 'स्नॅप डिसिजन', विचार न करता घेतलेला 'रॅश' किंवा 'हेस्टी', माहिती घेऊन केलेला 'इन्फॉर्म्ड'.

अनुवादिका

सरळरेघ, नामाच्या बाबतीत 'मेक-टेक'पेक्षा मोठी चूक वेगळीच होते, ती 'ऑफ'ची. मराठीत 'चा' सगळीकडे लागतो: जाण्याचा निर्णय, समितीचा निर्णय, शुल्काबाबतचा निर्णय. इंग्रजीत तिन्हींना वेगळी जोडणी लागते. जाण्याचा निर्णय, 'द डिसिजन टू लीव्ह'. 'द डिसिजन ऑफ लीव्हिंग' चूक. शुल्काबाबतचा निर्णय, 'द डिसिजन ऑन फीज'. समितीचा निर्णय, 'द कमिटीज डिसिजन' किंवा 'द डिसिजन ऑफ द कमिटी'. 'ऑफ' बहुतेक वेळा निर्णय करणाऱ्यासाठी राखून ठेवा, म्हणजे निम्म्या चुका टळतील.

आणि 'निर्णय'सोबत येणारी मराठी क्रियापदं. निर्णय पुढे ढकलला, 'डिफर्ड' किंवा 'पुट ऑफ'. स्वतःच फिरवला, 'रिव्हर्स्ड'. वरच्या कोर्टाने फिरवला, 'ओव्हरटर्न्ड'. रद्दबातल केला, 'सेट असाइड'. निर्णयाशी बांधील राहणे, 'अबाइड बाय'; त्यावर ठाम राहणे, 'स्टँड बाय'. बातम्यांच्या भाषांतरात दोन जागा हमखास चुकतात. 'निर्णय राखून ठेवला' म्हणजे 'रिझर्व्ह्ड इट्स जजमेंट', अजून सांगितलेला नाही. 'निर्णय कायम ठेवला' म्हणजे 'अपहेल्ड', खालच्या कोर्टाचा मान्य केला. राखणे आणि कायम ठेवणे यांची अदलाबदल झाली की बातमीच उलटी होते.

काळा_कोट

अनुवादिका यांनी कोर्टाचा विषय काढलाच आहे तर थोडी भर. 'डिसिजन' ही छत्री आहे, कायद्याच्या कागदावर तिच्याखाली नेमके शब्द असतात. 'व्हर्डिक्ट' मूळचा ज्युरीचा. त्याचा मूळ अर्थ 'सत्य कथन'. 'जजमेंट' म्हणजे न्यायाधीशाने कारणांसह दिलेला निर्णय. कायद्याच्या लिखाणात याच्या स्पेलिंगमध्ये 'जी'नंतरचा 'ई' बहुधा गाळतात. 'सेंटेन्स' म्हणजे शिक्षा. दोषी ठरवणे ही आधीची पायरी, तिला 'कन्व्हिक्शन' म्हणतात. 'रूलिंग' म्हणजे एखाद्या मुद्द्यावर दिलेला निर्णय, खटला चालू असतानाही होऊ शकतो. लवादाचा निर्णय तो 'अवॉर्ड', बक्षीस नव्हे. 'फाइंडिंग' म्हणजे पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष. मराठीत या सगळ्यांना 'निकाल' म्हणून भागतं, पण भाषांतर करताना मूळ कागदात कोणता शब्द आहे तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दीर्घवेलांटी

उच्चार राहिलाच होता. 'डिसाइड'मध्ये शेवटी ड आहे, पण 'डिसिजन'मध्ये त्याचं वेगळंच होतं. हा आवाज 'ट्रेझर', 'मेझर', 'व्हिजन' यांतला. आपल्या 'जहाज'मधलाही नाही, 'जीवन'मधलाही नाही. काढायची रीत सोपी आहे: 'शऽऽ' असं लांबवा, घशावर बोट ठेवा, काही कंप जाणवणार नाही. तोंडाची ठेवण तशीच ठेवून आवाज चढवा, म्हणजे घसा थरथरू लागेल. तो आवाज 'डिसिजन'चा. 'डिव्हाइड-डिव्हिजन', 'कोलाइड-कोलिजन', 'कन्क्लूड-कन्क्लूजन' या जोड्यांतही असाच बदल होतो, तेव्हा एकदा जमला की सगळे शब्द सुटतात. 'डिसायसिव्ह'मध्ये मात्र दोन्हीकडे स्वच्छ स.

देवनागरीत 'डिसिजन' आणि 'डिसीज' शेजारी दिसतात म्हणून एक सूचना. आजार या अर्थाचा शब्द खरा 'डिझीझ' आहे, त्यात स नाहीच. आणि 'डिसीस्ट' म्हणजे मृत. अर्जाच्या नमुन्यात हा शब्द असतो, तो आजारी समजून भरू नये.

स्पेलिंग: आधी 'सी', नंतर 'एस'. 'सी'चा स आणि 'एस'चा आपला तो थरथरणारा आवाज. यांची अदलाबदल होते, किंवा 'परमिशन'च्या नादाने 'एस' दोनदा पडतो. 'एस' एकच.

सभावृत्त

संस्थेची इतिवृत्तं लिहिणाऱ्यांसाठी. 'असे ठरले' याला तीन पर्याय आहेत आणि तिन्हींचं वजन वेगळं. 'इट वॉज अग्रीड दॅट', चर्चेत सगळे राजी झाले. 'इट वॉज डिसायडेड दॅट', निर्णय झाला, मतदान झालं की नाही ते यातून कळत नाही. 'इट वॉज रिझॉल्व्ह्ड दॅट', रीतसर ठराव झाला. ठराव मांडलेला असेपर्यंत इंग्रजीत 'मोशन', संमत झाल्यावर 'रेझोल्यूशन'. 'मूव्ह' म्हणजे मांडणे, 'सेकंड' म्हणजे अनुमोदन देणे, 'कॅरी' म्हणजे संमत होणे.

या वाक्यांत 'दॅट'नंतर 'शुड बी रेझ्ड' लिहा किंवा नुसतं 'बी रेझ्ड'. 'इट वॉज डिसायडेड दॅट द फी बी रेझ्ड' हे वाचायला अर्धवट वाटतं, पण औपचारिक इंग्रजीत पूर्ण बरोबर आहे. ते 'इज' करून दुरुस्त करू नये. तिथे खरी चूक होते.

आणि कर्मणी वाक्यात जबाबदारी हरवते. कुणी ठरवलं, कोण करणार, कधीपर्यंत, हे तीन रकाने भरल्याशिवाय नोंद पुरी धरू नये. नाहीतर पुढच्या सभेत तेच वाक्य 'ठरलं होतं, पण कुणी केलं नाही' असं परत येतं.

तळटीप

निर्णय कधी झाला हे इंग्रजी व्याकरणातही उमटतं, ते सहसा शिकवलं जात नाही. फोन वाजला आणि तिथल्या तिथे 'मी घेतो' म्हणायचं असेल तर 'आय विल गेट इट'. निर्णय बोलताना झाला. आधीच ठरलेलं असेल तर 'आय ॲम गोइंग टू'. 'आय ॲम गोइंग टू कॉल हर टुनाइट', फोन करायचं पूर्वीच मनात होतं. समोरच्याशी वेळ पक्की झाली असेल तर 'आय ॲम मीटिंग हर ॲट फाइव्ह'. मराठीत 'घेतो', 'करणार आहे', 'भेटतोय' यांत थोडाफार तसाच भेद आहे, पण आपण इंग्रजीत सगळीकडे 'विल' टाकतो. मग आधीपासून ठरवलेली गोष्टही आत्ता सुचल्यासारखी वाटते.

काळाचं आणखी एक: 'काल', 'गेल्या आठवड्यात' असा वेळेचा शब्द आला की 'आय डिसायडेड'. वेळ सांगितलेली नाही आणि निर्णय आजही लागू आहे, तर 'आय हॅव डिसायडेड'. 'आय हॅव डिसायडेड येस्टरडे' कधीच नाही.

चौकटराजी

संगणक आणि गणितात हा शब्द फार काटेकोर आहे. प्रवाह-आकृतीत, म्हणजे फ्लोचार्टमध्ये, निर्णयाची खूण चौकटच्या पत्त्यासारखी असते. आत प्रश्न आणि बाहेर पडणाऱ्या रेघांवर 'हो' आणि 'नाही' लिहिलेलंच पाहिजे. निर्णयवृक्षात, म्हणजे पर्याय फांद्यांसारखे मांडलेल्या आकृतीत, चौकोन म्हणजे आपल्या हातातला निर्णय आणि वर्तुळ म्हणजे नशिबावर सोडलेली घटना. ही खूण चुकली की पुढची आकडेमोड चुकते. 'डिसिजन प्रॉब्लेम' म्हणजे अवघड निर्णय नव्हे. ज्याचं उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' असतं असा प्रश्न. असा प्रश्न दरवेळी सोडवणारी एकच यांत्रिक रीत असेल तर तो 'डिसायडेबल'. तर्कशास्त्रातल्या अशा एका सर्वसाधारण प्रश्नाला अशी रीत असूच शकत नाही, हे 1936 साली अलोन्झो चर्च आणि ॲलन ट्युरिंग यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. त्या प्रश्नाचं नाव जर्मनच राहिलं, 'एन्टशायडुंग्सप्रॉब्लेम'. तळटीप यांनी वर दिलेलं 'शायडेन' इथे परत भेटतं.

सरळरेघ

खेळातला अर्थ राहिला. मुष्टियुद्धात कुणी आडवा झाला नाही तर तीन पंचांच्या गुणांवर निकाल लागतो, त्यालाच 'डिसिजन' म्हणतात. तिघेही एकाच्या बाजूने, 'युनॅनिमस'. दोघे एकाच्या आणि तिसरा दुसऱ्याच्या बाजूने, 'स्प्लिट'. दोघे एकाच्या बाजूने आणि तिसऱ्याच्या मते बरोबरी, 'मेजॉरिटी'. शेवटचे दोन मराठी बातम्यांत एकच समजले जातात.

क्रिकेटमध्ये पंचाच्या निर्णयाला 'कॉल'ही म्हणतात, 'अम्पायर्स कॉल'. रोजच्या बोलण्यातही 'इट्स युवर कॉल' येतं, म्हणजे आता तुम्ही ठरवा. 'अ टफ कॉल', अवघड निर्णय. 'अ क्लोज कॉल' मात्र बहुतेक वेळा 'थोडक्यात बचावलो' या अर्थाने येतो, त्यात निर्णय शोधू नये.

मितभाषी

शेवटचा प्रश्न. 'अजून काही ठरलेलं नाही' हे इंग्रजीत कसं म्हणावं? निळी_शाई यांची पाच कामं लावून पाहिली, तरी दोन-तीन उत्तरं निघतात.

निळी_शाई

@मितभाषी, बरोबर आहे, कारण ठरवणारं कोण आहे हे मराठी वाक्याने सांगितलेलंच नाही. तुम्हालाच ठरवायचं असेल तर 'आय हॅवन्ट डिसायडेड येट'. घरातल्या किंवा गटातल्या सगळ्यांनी मिळून ठरवायचं असेल तर 'वी हॅवन्ट डिसायडेड एनिथिंग येट'. दुसऱ्या कुणाच्या हातात असेल, किंवा कुणाच्या ते सांगायचं नसेल, तर 'नथिंग हॅज बीन डिसायडेड येट'. समोरच्या पक्षाशी बोलणी चालू असतील तर 'नथिंग हॅज बीन सेटल्ड येट'. कुणाला कळवायचं आहे ते सांगा, म्हणजे यातलं एक निवडता येईल.

मितभाषी

समोरच्या पक्षालाच कळवायचं आहे. मग 'सेटल्ड'.